आधी गोल, मग रंग

हातगाडीवरून उतरवला तेव्हा मी तो फ्रिज ओळखला नाही. माझ्या सख्ख्या आईचा फ्रिज, आणि मी त्याच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "पुढचा पाय मोडलाय, भिंतीला टेकवून ठेवा." दुकानामागच्या आमच्या शेडमध्ये दिवसभर फ्रिज, वॉशिंग मशीन असली पांढरी धुडं येत असतात. वाटेत आपटलेली नवी, आणि नव्याच्या बदल्यात लोकांनी देऊन टाकलेली जुनी. जुनी आधी गोदामात धूळ खात पडतात, मग कुणाला तरी आठवण झाली की आमच्याकडे येतात. "बाई, म्हातारी आली बघा पार्लरला," हमाल म्हणाला. "तोंडाला काहीतरी फासा हिच्या. फोरमन म्हणतो, संध्याकाळी बघायला येणारेत." मी म्हटलं, "बघायला येणारे नाकीडोळी बघतात, पाठ कोण बघतंय? ठेव तिथं." आम्ही दोघं हसलो. हसण्यासारखंच होतं. दुसऱ्यांनी पाडलेले पोचे, चरे, टवके असे झाकायचे, की वस्तू घरी नेणाऱ्याला वाटावं हिला जन्मात कुणी बोट लावलेलं नाही, हे माझं काम. या कामात माझा हात धरणारं दुसरं कुणी नाही. फोरमन हे तोंडावर कबूल करत नाही, पण अवघड वस्तू माझ्याचकडे ढकलतो.

शेडची एक रीत आहे. आधी गोल, मग रंग. वस्तू आली की अगोदर तिच्यावरचा प्रत्येक घाव शोधायचा आणि त्याच्याभोवती गोल काढायचा. पांढऱ्या वस्तूवर निळ्या मेणपेन्सिलीने, काळ्या वस्तूवर व्हाइटनरच्या पेनने. सगळे गोल काढून होईपर्यंत रंगाला शिवायचं नाही. कारण माणूस एकदा झाकायला लागला की बाकीचं त्याला दिसेनासं होतं. आणि ज्याने गोल काढला त्यानेच तो पुसायचा. दुसऱ्याने पुसला तर फोरमन त्याचं खानदान उद्धरतो. व्हाइटनरचं पेन तसं शाळेतल्या पोरांचं आणि कारकुनांचं. पण फ्रिजवरच्या बारीक चऱ्याला त्याच्यासारखं औषध नाही. टोकाला धातूची नळी, पोटात एक गोळी. हलवलं की खुळखुळतं, दाबलं की पांढरं येतं. पहिला हात पातळ द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. ओल्यावर दुसरा हात दिला की त्याला सुरकुत्या पडतात आणि त्या मरेपर्यंत जात नाहीत. हे मी शेडमधल्या प्रत्येक नवशिक्याला सांगितलंय. आणि एकदा आईला सांगितलंय.

मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून फ्रिजच्या दारावर तळहात फिरवला. डोळ्यांना उजेड फसवतो, तळहाताला कुणी फसवू शकत नाही. हात वरून खाली आला आणि अडखळला. कुणीतरी आधीच झाकलं होतं. पुढे सरकवला, पुन्हा अडखळला. जाड, वेडावाकडा लेप, वर सुरकुत्या. मी डोळे उघडले. फ्रिज वयाने पिवळट झालेला आणि त्याच्यावर हे निळसर पांढरे ठिपके, म्हातारीच्या तोंडात मधेच एखादा नवा दात बसवावा तसे. कोण हा अडाणी, म्हणून मी मनात शिवी दिली. खरंच दिली. मग कडी धरायला हात घातला, तर कडीवर चिंधी गुंडाळलेली. हिरवी, बारीक पांढऱ्या फुलांची. ती माझ्या कॉलेजातल्या कुर्त्याची होती. हात घसरू नये म्हणून आई घरातल्या सगळ्या कड्यांना चिंध्या गुंडाळायची आणि शेवटी एक चपटी गाठ मारायची, ती सुटता सुटायची नाही. ती गाठ माझ्या अंगठ्याखाली होती.

दादाचा फोन आला होता. आईला जाऊन महिना झाला नसेल. "ठके, नवा फ्रिज घेतोय. तुझी ती कामगारांची सवलत लाव." मी विचारलं, जुन्याला काय झालं? "जुना झाला गं. आईची आठवण येते तो बघून. त्रास होतो." मला भरून आलं होतं तेव्हा. माणसाला आईच्या फ्रिजकडे बघवत नाही! मी सवलत लावली, वर दुकानातल्या पोरीला सांगितलं, माझा भाऊ आहे, नीट दाखव. काळा घेतला त्याने. चकचकीत, आरशासारखा. आता मला कळत होतं की त्याला फ्रिजकडे का बघवत नव्हतं.

मी गोल काढायला लागले. इतका रेखीव गोल मी वर्षानुवर्षं काढला नसेल. एक, दुसरा, तिसरा, मग मोजणं सोडलं. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखं दार दिसायला लागलं. मग नखाने एकेक लेप उकरला. लेप पापुद्र्यासारखा सुटायचा आणि खालून पोचा बाहेर यायचा. मला पोचे वाचता येतात. टणक वस्तू आपटली तर पोच्याला धार असते. हा पेला. हा डबा, त्याच्या झाकणाच्या कडेची अर्धी रेघ उमटलीये. हा बहुतेक रिमोट. फेकलेल्या वस्तू, आणि सगळ्यांचा नेम एकाच उंचीवर. माझ्या हनुवटीच्या जरा खाली. आई माझ्याहून बुटकी होती. तिचं डोकं माझ्या हनुवटीशी यायचं. म्हणजे फेकणारा आईवर फेकत होता आणि आई वाकत होती किंवा बाजूला होत होती, आणि जे आईला लागलं ते अर्थातच फ्रिजवर नव्हतं. जे लागलं त्याचा हिशेब आईच्या अंगावर. आणि ते अंग आता नव्हतं.

एक लेप सगळ्यांत मोठा होता, बशीएवढा. तो उकरल्यावर खाली धार नव्हती. उथळ, रुंद, ओंजळीसारखा खळगा. असा पोचा टणक वस्तूने पडत नाही. मऊ आणि जड काहीतरी जोरात आदळलं की पडतो. हमालाचा खांदा नव्या फ्रिजवर आदळला की असाच पडतो, फोरमन मग त्याला म्हणतो, तुझं हाड मऊ का पत्रा मऊ. मी फ्रिजकडे पाठ केली. गुडघे वाकवले, आईएवढी झाले, आणि मागे टेकले. माझ्या खांद्याचं हाड त्या खळग्यात बसलं. नीट बसलं. शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखं. मी तशीच उभी राहिले, गुडघे वाकवून, शेडच्या मधोमध, पेंटर दुरून बघतोय हे दिसत असून. पत्रा थंड होता. मला वाटलं, या थंड पत्र्याला टेकून आई काय बघत असेल समोर? दादाचं तोंड बघत असेल. माझ्या भावाचं तोंड, जे आमच्या बापासारखं आहे म्हणून सगळं गणगोत त्याचं कौतुक करतं.

व्हाइटनरची पेनं आईला मीच पुरवली होती. ती यायची रविवारी माझ्या खोलीवर, जिना चढून धापा टाकत, आणि पाणी प्यायच्या आधी म्हणायची, "तुझ्याकडचं ते पांढरं पेन दे गं एक." मी विचारायची, मागचं काय केलंस? "वाळलं." मी हसायची. "आई, अख्खं घर रंगवतेस की काय?" "रंगवतेय खरी," ती म्हणायची, आणि तीही हसायची. मला वाटायचं डब्यांवर खुणा करत असेल. काळ्या बुडाच्या भांड्यांवर ती व्हाइटनरने टिंब काढायची, शेजारणीकडे गेलेलं भांडं परत ओळखता यावं म्हणून. मग एका रविवारी तिने मला काम शिकवायला सांगितलं. टवका उडालेला एक मग घेऊन आली, टेबलावर ठेवला, म्हणाली, "दाखव बघू, तुम्ही लोक कसं करता." मी फुलून गेले. आमच्या घरात माझ्या कामाला काम कुणी म्हणत नसे. दादा ऑफिसात, आणि मी कुठंतरी डागडुजी करते. लग्न केलं नाही ते वेगळंच. आणि आज आईला माझ्या कामाचं कौतुक वाटतंय! मी तिला सगळं दाखवलं. हलवायचं कसं, नळी किती टेकवायची. ती एखाद्या शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवत होती. मग म्हणाली, "आणि खोल असेल तर?" मी विचारलं, किती खोल? "तसंच आपलं. विचारते गं." खोल असेल तर आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागते, मी म्हटलं, नुसत्या रंगाने भागत नाही. "आणि दोन हातांत किती वेळ थांबायचं?" चांगलं थांब, मी म्हटलं, घाई करू नकोस, ओल्यावर हात दिलास तर सुरकुत्या पडतात. "घाई करू नये," ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला कसलं तरी हसू आलं.

ते हसू आता, फ्रिजसमोर, मला कळलं. तिला थांबायला वेळच नसायचा. दादा आंघोळीला गेला असेल, किंवा खाली सिगारेट ओढायला, आणि परत यायच्या आत ते झाकायला हवं असेल. कारण मोडलेलं दिसलं की त्याचं पुन्हा सुरू व्हायचं. लहानपणापासून तसंच होतं त्याचं. स्वतःच मोडायचं आणि मोडलेलं दिसलं की आणखी चिडायचं, जणू त्या वस्तूनेच मोडून त्याला दाखवलं. माझी रंगांची पेटी त्याने पायाखाली चिरडली होती. का, ते आठवत नाही, त्यालाही आठवत नसेल. मी रडले नाही, मी सुन्न होऊन उभी. रडला तो. दारात उभा राहून हमसून हमसून रडला, आणि आमचा बाप त्याला उचलून घेऊन म्हणाला, "पोराचे हात शिवशिवतात, त्याला काय करणार. मुलगा आहे." मावशी होती, तिनेही त्याचे डोळे पुसले. आई खाली बसून रंगाचे तुकडे गोळा करत होती. सगळ्यांनी मिळून ज्याने मोडलं त्याची समजूत काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं आवडतं वाक्य होतं. मूठ कुणाची, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आणि न्हाणीघर. आईचा पाय न्हाणीघरात घसरला, असं दादाने फोनवर सांगितलं होतं, आणि त्यातच ती गेली. दवाखान्यात वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि दादा डॉक्टरला म्हणत होता, किती वेळा सांगितलं, खाली बघून चालत जा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. माझा हा हात! शेडमध्ये उभं राहून मला तो हात कोपरापासून उतरवून ठेवावासा वाटला. न्हाणीघरात काय झालं ते मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाने एका म्हाताऱ्या बाईला फ्रिजवर आदळलं, त्याच्या घरात कुणाचा पाय आपोआप घसरला यावर, माफ करा, माझा विश्वास बसत नाही.

फोरमन आला तेव्हा दार निळ्या गोलांनी भरलेलं होतं. "हे काय? मी उजळायला सांगितलं, तुम्ही गोंदण काढलंत?" मी म्हटलं, "हा फ्रिज मी उजळणार नाही." "का? तुमच्या बापाचा आहे?" "आईचा." तो हसायला गेला आणि माझ्याकडे बघून अर्ध्यात थांबला. मग त्याने सावकाश त्या मोठ्या खळग्यावर हात ठेवला. त्यालाही पोचे वाचता येतात, मीच शिकले त्याच्याकडून. "येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दुसरा दाखवतो," तो म्हणाला. "हा त्या कोपऱ्यात लावा. गोल तुमचे आहेत. पुसाल तेव्हा तुम्हीच पुसाल." जाता जाता पेंटरवर उगाच ओरडला.

रविवारी दादाकडे आईच्या आठवणीचा कार्यक्रम होता. आईच्या फोटोला नवी चौकट केली होती, चार नातेवाईक, चार शेजारी बोलावले होते. मला फोनवर म्हणाला होता, "लवकर ये ठके, तू पण दोन शब्द बोल." मी चालत निघाले. मधले दिवस मी काय केलं म्हणाल तर त्याला मारत होते. मनातल्या मनात मी त्याला इतक्या तऱ्हांनी मारला, की तेवढी कल्पनाशक्ती दुसरीकडे लावली असती तर नाव झालं असतं. फ्रिजमध्ये कोंबून दार लावलं. त्याची गाडी चारी बाजूंनी ठोकून काढली, पोच्याशेजारी पोचा. त्याचं तोंड सहाणेवर घासलं. आणि वहिनी? तिलाही सोडली नाही. हिच्यादेखत झालं. ही काय करत होती, भाजी निवडत होती? दवाखान्यात भिंतीला टेकून उभी होती, जशी काही परकी. मी ठरवलं, त्याच्यानंतर तिचा नंबर. प्रत्येक पावलाला माझ्या पर्समधलं व्हाइटनरचं पेन खुळखुळत होतं. मी ते मुद्दाम घेतलं नव्हतं. ते नेहमीच असतं. पण त्या दिवशी तो आवाज मला ऐकू येत होता, आणि रस्ताभर वाटत होतं, आई बाजूने चाललीये आणि तिच्या हातात पेन आहे.

घर चकाचक होतं. बैठकीत खुर्च्या मांडल्या होत्या, आईचा फोटो टेबलावर, शेजारी उदबत्ती. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत, दोन्ही हात काठीवर. मला बघून म्हणाली, "ये गं. तुझीच वाट बघत होते, इथं सगळे इतके गोड बोलतायत की माझी साखर वाढायला लागली." वहिनी कपबशा फिरवत होती. "या वन्सं," म्हणाली, डोळे कपात. मी कप न घेता मावशीशेजारी जाऊन बसले. मग दादा उभा राहिला. आवाज चांगला आहे त्याचा, खर्जातला, ऑफिसात निरोपसमारंभाला त्यालाच बोलायला लावतात. म्हणाला, आई गेली आणि घराचा कणा गेला. म्हणाला, शेवटची वर्षं तिची सेवा करायचं भाग्य मला लाभलं. "मी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं," दादा म्हणाला. मावशी हळूच म्हणाली, "जपलंस बाबा. हाडं मोजून घेता येत होती तिची." दोघांतिघांनी घसे खाकरले. दादाचा आवाज चिरला. डोळ्यांतून पाणी आलं. आणि लगेच सगळी खोली त्याच्याकडे झुकली, शेजारचे काका उठून त्याचा खांदा थोपटायला लागले, कुणी पाणी आणलं. माझ्या डोळ्यांपुढे रंगांची पेटी. पन्नाशी उलटली तरी पोर दारात उभं राहून रडतंय आणि लोक डोळे पुसतायत.

"ठके, तू बोल ना," तो म्हणाला.

मी उभी राहिले. मला बोलता येत नाही चारचौघांत. मी पर्समध्ये हात घातला, रुमालासाठी असेल, आणि हाताला पेन लागलं. मी ते बाहेर काढलं आणि कामावरच्या सवयीने हलवलं. खुळखुळ, खुळखुळ. एवढासा आवाज. खोलीतल्या कुणाला तो कळलाच नाही, फक्त दोघांच्या माना झटक्यात वळल्या. दादाची आणि वहिनीची. दादाच्या हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत जाता जाता थांबला. त्याला हा आवाज माहीत होता. त्याने न बघता, आतल्या खोलीतून, नाहीतर आंघोळ करता करता, स्वयंपाकघरातून येणारा हा आवाज कितीदा ऐकला असेल, आणि ऐकून निवांत झाला असेल, की झालं, झाकलं जातंय. चोराच्या मनात चांदणं. ते चांदणं मी त्याच्या तोंडावर पडलेलं बघितलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"दादा," मी म्हटलं, "मी काय बोलणार. नवा फ्रिज दाखव की सगळ्यांना. माझ्या सवलतीतला आहे, मीच पाहिला नाही अजून."

"आत्ता? फ्रिज काय बघायचाय?"

"दाखव रे," मावशी काठी टेकत उठलीच. "आईचा जुना काढून घेतलास ना? बघू तरी काय एवढं सोनं लागलंय त्याला."

म्हातारी उठल्यावर बाकीच्यांना उठणं भाग होतं. सगळे स्वयंपाकघराच्या दारात दाटीने उभे राहिले. काळा फ्रिज उभा होता, त्यात आम्ही सगळे दिसत होतो, लांबट आणि काळपट. दारावर मधोमध एक टॉवेल, वर दोन चुंबकांनी धरलेला. नव्या फ्रिजवर कुणी टॉवेल लावत नाही. त्याचा चकचकाट टिकावा म्हणून लोक महिनाभर त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढत नाहीत. मी पुढे झाले आणि टॉवेलवरूनच तळहात फिरवला. उथळ, रुंद, ओंजळीसारखा. आणि आईच्या उंचीवर नव्हता. माझ्या उंचीवर होता. मी मान वळवून वहिनीकडे बघितलं. ती माझ्याएवढीच आहे. इतकी वर्षं मी हे कधी बघितलंच नव्हतं.

तिच्या नावाचा रागाचा मी जो वाटा काढून ठेवला होता, तो मला परत घ्यावा लागला आणि तोही त्याच्याच पानात वाढावा लागला. हिच्याकडे पेन असणार, आईचं राहिलेलं. पण काळ्यावर पांढरं चालत नाही. काळ्यावर पांढऱ्याने झाकता येत नाही, फक्त दाखवता येतं. म्हणून बिचारीने टॉवेल लावला होता.

"काय गं, टॉवेल कशाला?" मावशीने विचारलं.

"तेलकट हात लागतात," दादा म्हणाला. "चला, बाहेर बसू. चहा गार होतोय."

वहिनी ट्रे ओट्यावर ठेवून पुढे आली. मला वाटलं टॉवेल सारखा करायला येतेय. तिने वरचं एक चुंबक काढलं. मग दुसरं. टॉवेल खाली पडला. काळ्या आरशात सगळ्यांचे चेहरे त्या एका जागी वाकडे झाले, आत ओढल्यासारखे. शेजारचे काका म्हणाले, "अरे, आणतानाच आपटला वाटतं." आणणारा हमाल माझ्या शेडचा. तो आपटून आणत नाही, आणि आणला तर घेणारा सही करत नाही. मी तोंड उघडलं होतं तेवढ्यात वहिनी म्हणाली, "वन्सं, पेन द्या."

मी दिलं. तिने हलवलं. तिची हलवण्याची पद्धत आईची होती, कानाशी धरून, आतली गोळी सुटलीये की नाही ते ऐकत. मग तिने काळ्या दारावर नळी टेकवली आणि गोल काढायला घेतला. हाताला सवय नव्हती. रेघ एका जागी जाड झाली, एका जागी तुटली, ती मागे येऊन पुन्हा जोडून पुढे गेली. गोल पुरा झाला तेव्हा आत तो खळगा, आणि खळग्यात तिचा स्वतःचा वाकडा चेहरा. "हा माझा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, वाण्याला सामान सांगावं तसा. "सासूबाईंचे वन्संच्या शेडमध्ये आहेत. वन्संनी ओळखले असतील."

"ओळखले," मी म्हटलं. "एकूण एक. पुसलेले नाहीत. ज्याला बघायचेत त्याने येऊन बघावेत."

"काय चाललंय हे?" दादाचा खर्ज कुठे गेला कोण जाणे, चिरका आवाज निघाला. "वेड लागलंय दोघींना. ओलं आहे तोवर पुसा ते." कुणी पुसेना म्हणून तो स्वतः पुढे झाला आणि तळव्याने खसाखसा पुसायला लागला. पांढरं फिसकटलं. दारभर पांढऱ्या ओढी, आणि त्याचा तळवा पांढराफटक. वहिनी त्याच्यापासून एक पाऊल मागे सरली. ते पाऊल सगळ्यांनी बघितलं. इतक्या सवयीने सरली होती ती, हात वर येण्याच्या आधी, की माझ्या भाषणाची काही गरजच उरली नाही.

"आमच्याकडे एक रीत आहे दादा," मी म्हटलं. "ज्याने गोल काढला त्यानेच पुसायचा."

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. पँटला पुसला, तर पँट पांढरी झाली. मग त्याचा चेहरा आक्रसला, ओठ थरथरले आणि तो रडायला लागला. खरं रडू होतं ते, नेहमीच खरं असतं. काकांचा हात सवयीने उठला, थोडा पुढे गेला आणि परत खिशात गेला. मावशी एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, आता ही पदराने त्याचे डोळे पुसणार, तेव्हासारखे. ती त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. फ्रिजपाशी उभी राहिली, काठी डाव्या हातात घेतली, आणि उजव्या हाताची म्हातारी बोटं त्या खळग्यात घालून बघितली, कडेने, तळाला.

"अजून कुठे गं?" तिने वहिनीला विचारलं.

वहिनीने पेन कानाशी नेऊन हलवलं. खुळखुळ झाली. "या," ती म्हणाली, "दाखवते," आणि न्हाणीघराकडे वळली.